रिपीटर बोलायला लागला की बहिरा होतो: ट्रान्समीटरचा नॉइज रिसीव्हरमध्ये शिरतो तेव्हा

"आम्हाला तो ऐकू येतो, पण त्याला आम्ही ऐकू येत नाही." रिपीटरबद्दलची, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून तेच त्याच वेळी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात बोलणाऱ्या सेटबद्दलची, तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. रिपीटरचा आवाज खणखणीत, मीटर पूर्ण भरलेला. पण लांबून वॉकीटॉकीवर उत्तर दिलं की अर्धं वाक्य पोचतं आणि अर्धं खरखरीत जातं. मग कोणी अँटेना बदलतं, कोणी रिसीव्हर ट्यून करून आणतं, कोणी प्रीअँप (रिसीव्हरपुढे सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर) लावतं. आठ दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं.

यातल्या बऱ्याच केसेसमध्ये रिसीव्हर बिचारा ठणठणीत असतो. शेजारी बसलेला ट्रान्समीटर त्याच्या कानात ओरडत असतो.

आधी लक्षण पक्कं करा

उपकरणं नसली तरी एक गोष्ट कानानं ओळखता येते. लांबचा कमजोर सिग्नल येतो, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं दार) उघडतो, रिपीटरचा ट्रान्समीटर चालू होतो. तो चालू होताच त्याच्याच नॉइजखाली आलेला सिग्नल बुडतो आणि स्क्वेल्च मिटतो. ट्रान्समीटर मात्र हँग टाइम (सिग्नल गेल्यावरही तो चालू ठेवायचा ठरलेला वेळ) संपेपर्यंत चालूच राहतो, म्हणजे रिसीव्हर तेवढा वेळ बहिराच. हँग टाइम संपला, ट्रान्समीटर पडला, की रिसीव्हरचे कान उघडतात, तोच सिग्नल पुन्हा सापडतो आणि सगळं पहिल्यापासून. ऐकणाऱ्याला काय मिळतं? अर्धं अक्षर, तीन सेकंद शांतता, परत अर्धं अक्षर, परत तीन सेकंद शांतता. घड्याळ लावल्यासारखं.

आता हँग टाइम तीनाचा सहा सेकंद करा आणि त्याच जागेवरून तोच सेट पुन्हा दाबायला सांगा. मधली शांतताही सहा सेकंदांची झाली, तर निदान पक्कं: रिपीटर स्वतःमुळेच बहिरा होतोय. सिग्नल वाटेत कुठे डोंगराआड जात असेल किंवा हातातला सेट हलत असेल, तर त्याला तुमच्या हँग टाइमशी देणंघेणं नसतं. तो वाटेल तेव्हा तुटतो.

हा त्रास फक्त रिपीटरचा नाही. एकाच गच्चीवर किंवा एकाच टॉवरवर दोन बेस सेट आहेत, एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकत असतो, तिथेही हेच होतं आणि उपायही हेच आहेत. दोन वॉकीटॉकी एकाच चॅनलवर आळीपाळीनं बोलतात तिथे मात्र हा आजार होऊ शकत नाही, कारण सेट बोलताना त्याचा रिसीव्हर बंदच असतो. तिथली खरखर वेगळी, ती इथे शोधू नका.

लक्षण एक, आजार दोन

सगळी गोची इथे आहे. ट्रान्समीटर चालू झाल्यावर रिसीव्हर दोन अगदी वेगळ्या कारणांनी बहिरा होतो, आणि कानाला दोन्ही जवळजवळ सारखीच लागतात.

पहिलं कारण म्हणजे दबणं. ट्रान्समीटरचा कॅरिअर (त्याचा मुख्य सिग्नल) वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असतो, पण इतका जोरदार असतो की रिसीव्हरची पुढची स्टेज किंवा मिक्सर त्याखाली गुदमरतो. हा रिसीव्हरच्या सहनशक्तीचा प्रश्न झाला. रिसीव्हरच्या तोंडाशी कॅरिअरच्या फ्रिक्वेन्सीचा नॉच (तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावला की तो सुटतो.

दुसरं कारण म्हणजे ट्रान्समीटरचा नॉइज. ट्रान्समीटर फक्त त्याच्या फ्रिक्वेन्सीवरच बोलतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कॅरिअरच्या उंच सुळक्याच्या दोन्ही बाजूंना नॉइजचा पायथा लांबवर पसरलेला असतो. सिंथेसायझरमधल्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या भागातल्या, व्हीसीओ या ऑसिलेटरचा फेज नॉइज हे त्याचं मूळ, आणि ड्रायव्हर व फायनल स्टेज त्यालाही सिग्नलसोबत मोठं करतात, वर स्वतःची भर घालतात. हा पायथा तुमच्या रिसीव्हच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत पोचलेला असतो. आता नीट बघा: तो नॉइज हव्या असलेल्या सिग्नलच्या नेमक्या त्याच फ्रिक्वेन्सीवर बसलेला आहे. रिसीव्हरपुढे कितीही महागडा फिल्टर लावा, जो फिल्टर सिग्नलला आत सोडेल तो या नॉइजलाही सोडणारच. दोघांत फरक करायला फिल्टरकडे काही साधनच नाही.

म्हणून हा नॉइज जिथे जन्मतो तिथेच, ट्रान्समीटर आणि अँटेना यांच्या मध्ये, गाळावा लागतो. रिसीव्हरला फिल्टरवर फिल्टर लावत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. "पुन्हा तेच" होण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसलंय.

आकडे किती मोठे आहेत

थोडं गणित करू, म्हणजे ड्युप्लेक्सरच्या (एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर वेगळे ठेवणाऱ्या फिल्टरसंचाच्या) भल्यामोठ्या डब्यांचं कोडं सुटेल. डीबी हे पटीचं माप, दर १० डीबीला दहापट; डीबीएम म्हणजे एक मिलीवॅटच्या तुलनेत किती डीबी. ५० वॅट म्हणजे +४७ डीबीएम. चांगल्या एफएम रिसीव्हरला ०.२५ मायक्रोव्होल्ट पुरतो, म्हणजे सुमारे −११९ डीबीएम. दोघांतलं अंतर १६६ डीबी. पटींत सांगायचं तर चारावर सोळा शून्यं. एवढ्या फरकाचे दोन सिग्नल एकाच अँटेनावर, एकाच वेळी.

आता नॉइज. समजा, तुमच्या ट्रान्समीटरचा नॉइज कॅरिअरपासून ६०० किलोहर्ट्झवर दर हर्ट्झला कॅरिअरच्या १४० डीबी खाली आहे. १५ किलोहर्ट्झच्या बँडविड्थसाठी त्यात ४२ डीबी मिळवा. ४७ वजा १४० अधिक ४२, म्हणजे −५१ डीबीएम नॉइज थेट तुमच्या रिसीव्ह चॅनलवर. रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज किती? उष्णतेमुळे होणारा नॉइज दर हर्ट्झला −१७४ डीबीएम, त्यात तेच ४२ आणि रिसीव्हरचा नॉइज फिगर (तो स्वतः घालतो ती भर) ८ डीबी धरला तर −१२४ डीबीएम.

ट्रान्समीटरचा नॉइज त्या −१२४ च्या बरोबरीला आणून ठेवला तरी रिसीव्हर ३ डीबीनं कमजोर होतो, कारण दोन सारखे नॉइज एकत्र येतात. ६ डीबी खाली ठेवला तर तोटा १ डीबी. १० डीबी खाली, म्हणजे −१३४ ला नेला, तर तोटा जेमतेम अर्धा डीबी, तो कोणाला कळतही नाही. −५१ वरून −१३४ म्हणजे ८३ डीबी. ट्रान्समीटरच्या बाजूनं, रिसीव्हच्या फ्रिक्वेन्सीवर, एवढी गाळणी लागणार. तुमचा ट्रान्समीटर १० डीबीनं जास्त गोंगाटी असेल तर ९३. जुना मोबाइल सेट उघडून रिपीटरचा ट्रान्समीटर म्हणून बसवला की हा १० डीबीचा फटका सहज बसू शकतो. तो सेट दुसऱ्या रिसीव्हरशेजारी सतत बोलत राहण्यासाठी बनवलेलाच नसतो.

एक सावधगिरी. "ॲनलायझरवर पाहिलं, ट्रान्समीटर एकदम स्वच्छ आहे" असं कोणी म्हणालं तर मान डोलवू नका. कॅरिअर समोर असताना साध्या स्पेक्ट्रम ॲनलायझरचा स्वतःचा नॉइजच या पायथ्याच्या वर असतो. कॅरिअर नॉच करून बाजूला काढल्याशिवाय खालचं काही दिसत नाही. स्क्रीन स्वच्छ दिसली म्हणून ट्रान्समीटर स्वच्छ ठरत नाही.

मोजायचं कसं

लागतं काय, तर एक सिग्नल जनरेटर, सायनॅड मीटर (आवाज खरखरीच्या किती वर आहे ते सांगणारा), चांगला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा), एक डायरेक्शनल कपलर (एकाच दिशेनं थोडा सिग्नल आत घालणारा) आणि १० डीबीचा एक पॅड (सिग्नल तेवढा कमी करणारा). कपलर ड्युप्लेक्सरचं रिसीव्ह पोर्ट आणि रिसीव्हर यांच्या मध्ये घाला, जनरेटरचा सिग्नल रिसीव्हरकडे जाईल अशा बाजूनं. कपलरमध्ये किती डीबी जातात याची फिकीर नको, आपल्याला फक्त फरक बघायचाय. कनेक्टर उघडताना आणि लावताना ट्रान्समीटर बंदच हवा. चालू पीएसमोरून (पीए म्हणजे ट्रान्समीटरचा शेवटचा पॉवर अँप्लिफायर) लोड काढला की पीए जाऊ शकतो आणि बोटही भाजतं.

पहिली पायरी: अँटेना जोडलेला, ट्रान्समीटर बंद. १२ डीबी सायनॅड मिळेपर्यंत जनरेटर कमी-जास्त करा आणि आकडा लिहून ठेवा. दुसरी: ट्रान्समीटर चालू करा, पुन्हा १२ डीबीवर आणा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचा बहिरेपणा. एक डीबीच्या आत असेल तर दुखणं इथे नाही, घरी जा.

फरक मोठा आला तर अँटेनाची केबल काढून ड्युप्लेक्सरच्या अँटेना पोर्टला डमी लोड लावा आणि दोन्ही आकडे परत घ्या. डमी लोडवर सगळं छान आणि अँटेनावर बिघडलेलं, तर दोष वर आहे: फीडर (अँटेनापर्यंत जाणारी केबल), कनेक्टर, अँटेना किंवा टॉवर. डमी लोडवरही तेच, तर दोष खाली रिपीटरच्या कपाटात आहे. हे एक पाऊल न टाकता टॉवरवर चढलेले किती तरी लोक मी पाहिलेत.

दोष कपाटात आहे असं ठरलं की नॉइज आणि दबणं यांना वेगळं करायचं. यासाठी तो १० डीबीचा पॅड. तो कपलर आणि रिसीव्हर यांच्या मध्ये घाला, ट्रान्समीटर चालू ठेवा आणि १२ डीबी सायनॅडला जनरेटर किती लागतो ते बघा. पॅड घालूनही आकडा जवळजवळ तोच राहिला, तर सिग्नल १० डीबीनं कमी झाला तसा शत्रूही १० डीबीनं कमी झालाय. दोघं एकाच फ्रिक्वेन्सीवर आहेत. हा ट्रान्समीटरचा नॉइज. पॅड घातल्यावर उलट कमी सिग्नल पुरायला लागला, म्हणजे रिसीव्हर दबत होता आणि आता त्याला श्वास मिळाला. बहिरेपणा १० डीबीहून जास्त असतो तेव्हा ही चाचणी फार स्पष्ट बोलते. तीन-चार डीबीच्या दुखण्यात रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज मध्ये येऊन उत्तर गढूळ करतो; तिथे दुसरी वाट धरा. रिसीव्हच्या फ्रिक्वेन्सीला नॉच केलेली एक जादा कॅव्हिटी (ड्युप्लेक्सरमध्ये असतो तसा फिल्टरचा एक डबा) थेट पीएच्या तोंडाशी लावा. सुधारलं तर नॉइज. नाहीच सुधारलं तर तीच कॅव्हिटी ट्रान्समिटच्या फ्रिक्वेन्सीला नॉच करून रिसीव्हरपुढे लावा. तिथे सुधारलं तर दबणं. दोन्हीकडे थोडं थोडं सुधारलं? मग दोन्ही आहेत, आणि असं बऱ्याचदा असतं.

जनरेटर नसेल तर? लांब ठेवलेला, सर्वांत कमी पॉवरवरचा एखादा सेट दाबून धरायला सांगा, सिग्नलमध्ये थोडी खरखर ऐकू येईल इतका कमजोर. रिपीटरच्या रिसीव्हरला लोकल स्पीकर लावा, कंट्रोलर (सिग्नल आला की ट्रान्समीटर चालू करणारा भाग) सोडवून ठेवा आणि ट्रान्समीटर हातानं चालू-बंद करत राहा. चालू केल्यावर खरखर वाढते की नाही, एवढंच ऐका. आकडा मिळणार नाही, पण केबल हलवताना, कनेक्टर ठोकताना काय बदलतं ते ऐकायला कानाइतकं चांगलं यंत्र नाही.

दर सर्व्हिसिंगनंतर परत येणारा आजार

एका रिपीटरनं मला तीनदा बोलावलं. दर वेळी कथा एकच: देखभालीची भेट झाली की दोन दिवसांत रेंज घटते. ड्युप्लेक्सर तपासून आणला होता, रिसीव्हर बदलला होता, कोणीतरी प्रीअँपही बसवला होता. प्रीअँपनं सिग्नल वाढवला तसा नॉइजही वाढवला, रिसीव्हर आणखी लवकर दबायला लागला आणि मीटर मात्र जास्त भरायला लागला, म्हणून सगळे खूश.

पहिल्या दोन खेपांना मी कनेक्टर उघडले, पुसले, परत घट्ट केले आणि सुधारलं म्हणून निघून आलो. कनेक्टरच खराब होते असं मनाशी धरलं. तिसऱ्यांदा आकडे घेतले. ट्रान्समीटर बंद: −११८ डीबीएम. ड्युप्लेक्सरला डमी लोड, ट्रान्समीटर चालू: −१०७. अकरा डीबी. पॅड घातला, आकडा फारसा हलला नाही. म्हणजे नॉइज, आणि तो कपाटातच. ड्युप्लेक्सर वेगळा मोजला तर दोन्ही बाजूंना त्याची गाळणी ठीक होती. मग नॉइज येतो कुठून?

कपाटाच्या मागे गेलो. पीएपासून ड्युप्लेक्सरपर्यंतची जंपर (छोटी जोडकेबल) आणि ड्युप्लेक्सरपासून रिसीव्हरपर्यंतची जंपर, दोन्ही एकेरी जाळीच्या आरजी-५८ च्या, हातभर अंतर एकमेकींना चिकटून, पाच प्लॅस्टिक टायनी देखणं बांधलेल्या. टाय कापल्या, दोन्ही केबल हातानं दूर धरल्या आणि सायनॅडचा काटा माझ्या डोळ्यांदेखत वर चढला. जनरेटर खाली आणत आणत −११७ ला पोचलो. केबल परत जवळ आणल्या, काटा खाली. पाच-सहा वेळा करून पाहिलं, नुसत्या आनंदासाठी.

एकेरी जाळीची केबल गळते. पीएकडची केबल न गाळलेला नॉइज घेऊन चाललेली असते, तिच्यातून तो रिसीव्हरच्या केबलमध्ये झिरपत होता, ड्युप्लेक्सरला वळसा घालून. ड्युप्लेक्सर ९० डीबीचा असून उपयोग काय, बाजूनं ६५-७० डीबीची चोरवाट उघडी असेल तर? देखभालीला येणारा माणूस नीटनेटका होता. कपाटातला गुंता बघवत नसे त्याला, दर वेळी केबल छान बांधून जायचा. मी कनेक्टर पुसायला केबल सोडवायचो, त्या आपोआप लांब व्हायच्या, आणि श्रेय कनेक्टरला मिळायचं.

कपाटातली प्रत्येक आरएफ जंपर दुहेरी जाळीची हवी: आरजी-२१४, किंवा बारीक लागत असेल तर आरजी-१४२ किंवा आरजी-४००. ट्रान्समिट आणि रिसीव्ह केबल शक्य तितक्या लांब, आणि एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. ॲल्युमिनियमचं फॉइल आणि त्यावर कलई केलेल्या तांब्याची जाळी असलेल्या केबल एरवी फार चांगल्या, कमी तोट्याच्या. पण एकाच केबलवर बोलणं आणि ऐकणं दोन्ही चाललेलं असेल तिथे त्या वापरू नका: दोन वेगळे धातू एकमेकांवर घासतात, केबल हलली की कडकड सुरू होते. फीडरला पन्हळी तांब्याची हार्डलाइन घ्या. कनेक्टर एन टाइपचे, आणि ॲडॉप्टरवर ॲडॉप्टर लावायची सवय सोडा. एक ॲडॉप्टर वाचवायला नवी जंपर बनवावी लागली तरी बनवा.

ट्रान्समीटरच्या बाजूचे उपाय

ड्युप्लेक्सरबद्दल एक गैरसमज इतका पसरलाय की आधी तो काढतो. ट्रान्समिटच्या बाजूच्या कॅव्हिटींचा नॉच *रिसीव्हच्या* फ्रिक्वेन्सीवर असतो, आणि रिसीव्हच्या बाजूच्या कॅव्हिटींचा *ट्रान्समिटच्या* फ्रिक्वेन्सीवर. ऐकायला उलटं वाटतं. पण ट्रान्समिटच्या बाजूचं काम पीएचा नॉइज रिसीव्ह चॅनलवर मारणं हेच आहे, आणि रिसीव्हच्या बाजूचं काम कॅरिअर मारणं. म्हणून पॉवर नीट बाहेर जातेय, एसडब्ल्यूआर (परत फिरणाऱ्या पॉवरचं माप) छान आहे, एवढ्यानं ड्युप्लेक्सर ट्यून आहे असं म्हणता येत नाही. ट्रान्समिट बाजूचा नॉच सरकला तरी वॉटमीटरला त्याचा पत्ता लागत नाही. तो रिसीव्हच्या फ्रिक्वेन्सीवरच मोजावा लागतो, ॲनलायझर किंवा जनरेटर आणि नुसता रिसीव्हर घेऊन. ॲनलायझर नसेल तर कॅव्हिटीच्या दांड्यांना हात लावू नका, अगदी पाव फेराही नाही.

फ्रिक्वेन्सींतलं अंतर जितकं कमी तितका ड्युप्लेक्सर मोठा लागतो. दोन मीटर बँडवर ६०० किलोहर्ट्झच्या अंतराला सहा कॅव्हिटींचा संच दिसतो तो याचमुळे. यूएचएफवर ५ मेगाहर्ट्झच्या अंतराला हातात मावणारा नॉच ड्युप्लेक्सरही चालून जातो. पण तो फक्त नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर खड्डा खणतो, बाकी पायथा तसाच सोडतो. त्याच जागेवर दुसऱ्यांचे रिसीव्हर असतील तर त्यांना तुमचा नॉइज जातच राहणार. तिथे पीएनंतर बँडपास कॅव्हिटी लावणं हे शेजारधर्माचं काम. अर्धा ते एक डीबी पॉवर जाईल. जाऊ द्या.

पीएचं स्वतःचं वागणंही तपासा. कॅव्हिटी फक्त तिच्या फ्रिक्वेन्सीवर ५० ओहम दाखवते, बाजूला गेलं की पीएला ती शॉर्टसारखी किंवा ओपनसारखी दिसते. नाजूक पीए अशा लोडवर अस्थिर होतो आणि नॉइज किंवा नको ते स्पर (भलत्याच फ्रिक्वेन्सीवरचे सिग्नल) ओकायला लागतो. डमी लोडवर थेट जोडलेला पीए शांत आणि ड्युप्लेक्सरला जोडला की पिसाळलेला, हे त्याचं लक्षण. पीए आणि ड्युप्लेक्सर यांच्यातल्या जंपरची लांबी थोडी बदलून बघा. १५० मेगाहर्ट्झला आरजी-२१४ मध्ये पाव तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर भरते, त्याच्या आत टप्प्याटप्प्यानं वाढवा. लांबीनुसार बहिरेपणा वरखाली होत असेल तर पीए दोषी. "बरोबर लांबी" सापडली म्हणून तिथेच थांबणारे पुष्कळ आहेत, पण उन्हाळा-हिवाळा बदलला की ती लांबी परत चुकते. पक्का इलाज म्हणजे पीएनंतर आयसोलेटर (पॉवर एकाच दिशेला जाऊ देणारा भाग), आणि आयसोलेटरनंतर लो-पास फिल्टर, कारण आयसोलेटर स्वतः हार्मोनिक (दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीचे सिग्नल) तयार करू शकतो. मात्र आयसोलेटर नॉइज गाळत नाही. पुढे जाणारा नॉइज तो तसाच पुढे सोडतो. तो पीएला शांत ठेवतो आणि बाहेरचे सिग्नल पीएत घुसू देत नाही, एवढंच.

पॉवर कमी केली की नॉइज कमी होईल, हे दर वेळी खरं नसतं. ५० वॅटसाठी बनवलेला पीए दाबून ५-१० वॅटवर चालवला तर काही पीए तिथेच डळमळतात. कमी पॉवर हवी असेल तर छोटा पीए वापरा, किंवा पीए काढून एक्सायटर (पीएच्या आधीचा कमी पॉवरचा भाग) थेट चालवून बघा. ती चाचणीही होते: पीए काढल्यावर बहिरेपणा प्रमाणाबाहेर घटला तर गुन्हेगार सापडला.

बाकी किरकोळ: ट्रान्समीटर आणि रिसीव्हरला वेगळे पॉवर सप्लाय देऊन पाहा, निदान चाचणीपुरती रिसीव्हरला बॅटरी जोडा. फरक पडला तर नॉइज डीसीच्या तारांवरून येतोय. फेराइट आणि फीडथ्रू कपॅसिटर लावा. रिसीव्हरच्या डब्याचं झाकण सगळ्या स्क्रूंसह बंद आहे ना, तेही बघा. स्क्रू हरवलेले असतातच.

दोष वर असेल तर

डमी लोडवर सगळं ठीक आणि अँटेनावर कडकड, विशेषतः वाऱ्यात, तर तो पसरलेला नॉइज नव्हे. कुठेतरी सैल किंवा गंजलेला सांधा आहे आणि तुमच्याच कॅरिअरनं तो कडकडतोय. फीडरच्या कनेक्टरपासून सुरुवात करा, पाणी शिरलंय का बघा. मग अँटेना. फायबरग्लासच्या नळीतला कॉलिनिअर अँटेना आतून एका सोल्डरवर तडकलेला असला तरी एसडब्ल्यूआर चांगलाच दाखवतो; दुसरा साधा अँटेना तात्पुरता लावणं हीच त्याची परीक्षा. टॉवरवरचे सैल पत्रे, गंजलेल्या साखळ्या, लोंबकळणारी जुनी केबल, हेही कडकडतात. चढण्याआधी ट्रान्समीटर बंद करून घ्या, आणि त्या टॉवरवरचे दुसऱ्यांचेही.

दुसऱ्यांचे ट्रान्समीटर असतील तर आणखी एक ओळख लक्षात ठेवा. त्रास फक्त दोन ट्रान्समीटर एकाच वेळी चालू असतानाच होतो आणि खरखरीऐवजी कोणाचं तरी बोलणं ऐकू येतं, तर ते इंटरमॉड्युलेशन (दोन सिग्नल मिसळून तिसरा तयार होणं) आहे, नॉइज नव्हे. दोन फ्रिक्वेन्सींपैकी एकीची दुप्पट करून त्यातून दुसरी वजा करा. उत्तर तुमच्या रिसीव्ह चॅनलवर आलं तर धागा तिथे आहे.

दोन वेगळे अँटेना लावून ड्युप्लेक्सर टाळता येईल का, हा प्रश्न येतोच. येईल, पण उभं अंतर आणि आडवं अंतर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १५० मेगाहर्ट्झला एकाच रेषेत वर-खाली १० मीटर अंतर ठेवलं तर सुमारे ५६ डीबी मिळतात. तेच १० मीटर आडवं ठेवलं तर ३२ च्या आसपास, दोन्ही साधे डायपोल धरून. आडव्यानं तेवढंच मिळवायचं तर शंभर मीटरहून लांब जावं लागेल. उभं १० मीटर मिळत असेल तर ८३ पैकी ५६ फुकट मिळाले, उरलेल्या २७ साठी ट्रान्समीटरच्या तोंडाशी एखाद-दोन चांगल्या कॅव्हिटी पुरतात. ४५० मेगाहर्ट्झला तेच १० मीटर सुमारे ७५ डीबी देतात.

काम झाल्यावर मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवतो. तारीख, ट्रान्समीटर बंद असतानाचा आकडा, डमी लोडवर चालू असतानाचा, अँटेनावर चालू असतानाचा, आणि पीएची पॉवर. पुढच्या खेपेला यातला कोणता आकडा हलला ते पाहिलं की निम्मं शोधकाम वाचतं. त्या तीन खेपांच्या रिपीटरच्या दारावर आकड्यांच्या खाली लाल शाईनं एक ओळ जास्त आहे: या दोन केबल एकत्र बांधू नका.